सत्तावीसचं ॲव्हरेज

१

शुक्रवारी भर दुपारी, तलवाड्याच्या पेठेत, पन्नास माणसांच्या देखत राजेश्वरनं गाडीची डिकी उघडली आणि आतून पेट्रोलचा कॅन बाहेर काढला. कॅनशेजारी हिरव्या पाइपाचा हातभर तुकडा होता.

"बघा! दोन महिने झाले, आमी डोकं खाजवतोय की पेट्रोल जातंय कुठं. टाकीतनं वढायचा अन् घरी न्यायचा! काय बे, लाज न्हाई वाटली?" असं ओरडून त्यानं ड्रायव्हर नाथाच्या कानफटात ठेवून दिली.

नाथा नुकताच गेवराईच्या एष्टीतून उतरला होता. त्याच्या हातातली कागदांची पिशवी रस्त्यावर पडली. एवढी माणसं उभी होती, पण ती पिशवी उचलून द्यायला एकजणही वाकला नाही.

ही हकीकत मुंजाजीला कळली ती शनिवारी सकाळी, नाथाच्या बायकोकडून. मुंजाजी नाथाचा सख्खा चुलता. चौतीस वर्षं एष्टीच्या वर्कशॉपात इंजिनं खोलण्यात गेली, आता रिटायर होऊन घरी. इंजिन बिघडलं की सगळे त्याला बोलावत, आणि त्याचं डोकं बिघडलं की सगळे पळत. आज ते बिघडलं.

"काल दुपारची गोष्ट, अन् मला आज सांगतीस? कावून?"

"ते नगं म्हनले," मोहिनी पदर सावरत म्हणाली. "तात्या लई तापतेत म्हनले."

"मंग काय करू, टाळ्या वाजवू? पुढं सांग."

पुढचं ऐकून तर त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राजेश्वरनं एक कागद लिहून ठेवला होता. 'मी दोन महिने मालकाच्या गाडीतलं पेट्रोल चोरलं' असा. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत नाथानं त्यावर सही केली तर प्रकरण गावातच मिटणार, नाहीतर पोलीस ठाण्यात तक्रार. आणि नाथाची निवड झाली होती एष्टीत, ड्रायव्हर म्हणून. सहा वर्षं त्यानं त्या नोकरीची वाट पाहिली होती. सोमवारी बीडला कागदपत्रं तपासणार होते, त्यात पोलिसांचा चारित्र्याचा दाखला लागत होता. तक्रार झाली की दाखला बोंबलला आणि नोकरीही.

"मंग नाथा काय म्हनतो?"

मोहिनीनं खाली बघितलं. "सही करतो म्हनतेत."

मुंजाजीनं चहाची बशी अशी आपटली की तिचे दोन तुकडे झाले. "चोरी न करता चोर म्हनून सही? जा, सांग त्याला. मी यायच्या आधी त्यानं पेनाला हात लावला, तर दुसरी कानफटात माजी बसंल!"

२

नाथाचे मालक मन्मथप्पा यांचं घर गावाच्या कडेला आणि पाइप-मोटारींचं दुकान पेठेत. मधलं अंतर एक किलोमीटर, ते पण धड भरत नाही. अंगणात ती गाडी उभी होती, पांढरी, चकचकीत, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी. हायब्रीड. तलवाड्यात असली पहिलीच. नाथा फाटकापाशी मान खाली घालून उभा होता. मुंजाजी त्याच्याशी बोलला नाही. बोलला असता तर शिव्याच निघाल्या असत्या.

मन्मथप्पा ओसरीवर बसलेले. सत्तरीचे, कपाळभर भस्म, गळ्यात लिंग. दिवाळीपर्यंत त्यांच्या दारात जुनी डिझेल जीप होती. थोरल्या मुलानं, राजेश्वरनं, हट्टानं ती विकायला लावली आणि ही आणली.

"तुमच्या पुतन्याची बाजू घ्यायला आलात, तात्या?" राजेश्वर म्हणाला. "मंग ह्ये बघा. गाडी सवताच सांगती." त्यानं दार उघडून पुढचा पडदा चालू केला. पडद्यावर आकडा आला. एका लिटरला आठ किलोमीटर. "कंपनी सत्तावीस म्हनती. आठ! राहिलेलं कुठं गेलं?"

"सत्तावीस, सत्तावीस करून ह्यानं डोकं उठवलंतं," मन्मथप्पा ओसरीवरून कुत्सितपणे म्हणाले. "अख्ख्या पेठेला सांगितलं. आता गिऱ्हाईक मला इचारतं, अप्पा, सत्तावीसची गाडी बरी हाय का? माजी जीप बारा द्यायची, गुमान द्यायची."

राजेश्वरचा चेहरा लाल झाला. हे तो दोन महिने रोज ऐकत असणार.

"पेट्रोल मी काढलं न्हाई," नाथा फाटकावरून पहिल्यांदा बोलला. "दर्शनाला नारायणगडाला गेलतो, तवा ह्याच पडद्यानं चोवीस दाखवलंतं. त्या दिवशी काय मी चोरीची सुट्टी घेतलीती?"

"गप बस बे!" राजेश्वर खेकसला.

मुंजाजी वाकून त्या आठाकडं बघत राहिला. बराच वेळ. मग सरळ झाला आणि त्याच्या तोंडावर जे आलं त्याला हसू म्हणता येणार नाही.

"राजेश्वरराव, ह्यो पुरावा पक्का हाय बरं का. दगडावरची रेघ! पर त्यो नाथाच्या इरोधात न्हाई. कुनाच्या इरोधात, ते पाचच्या आत सांगतो."

३

"कॅन अन् पाइप आना," मुंजाजीनं फर्मावलं.

राजेश्वरनं ते घरातून आणलं. कॅन निळा, पाच लिटरचा, भरलेला. झाकण नव्हतं. तोंडाला प्लॅस्टिकचा कागद लावून सुतळी बांधलेली. जवळ आणला तसा नाकात पेट्रोलचा भपकारा आला. पाइप मात्र कोरा होता. मुंजाजीनं त्याला नाक लावलं. वास होता तो नव्या पाइपाचा.

"ह्याच पाइपानं दोन महिने पेट्रोल वढलं म्हनता?"

"मंग काय!"

"ठीक." मुंजाजीनं गाडीच्या टाकीचं झाकण उघडलं आणि पाइप आत सारला. वीतभर गेला आणि अडला. फिरवला, दाबला, अडलेलाच. "या, तुमी करून बघा."

राजेश्वरनं जोर लावला. पाइप वाकला, आत गेला नाही.

"आत पडदी असती बाबा, चोरासाठीच बसवलेली. ह्या पाइपानं एक थेंब निघनार न्हाई. ज्यानं ह्यो डिकीत ठिवला, त्यानं कवाच पेट्रोल चोरलेलं न्हाई. चोराच्या हातात काय असतं, येवढंच त्याला ठावं."

राजेश्वर घसा खाकरून म्हणाला, "दुसऱ्या कशानं काढलं असंल. कॅन तर भरलेला हाय का न्हाई?"

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. धाकटा मुलगा संगमेश, बीडला क्लासेसमध्ये शिकणारा. बुधवारी मित्राच्या गाडीवर बसून गेला होता, आज तोच मित्र सोडायला आला होता. त्यानं कॅन बघितला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"ह्यो माजा कॅन इथं कसा?"

"तुजा?" मुंजाजीनं विचारलं.

"माजाच की. पंपावर जायचा कंटाळा म्हनून माज्या मोटारसायकलसाठी मागच्या खोलीत भरून ठिवलाय. झाकन हरवलं, म्हनून मीच कागद बांधलाय. बुधवारी गेलो तवा तिथंच हुता."

"म्हंजे नाथानं घरात शिरून त्योबी चोरला!" राजेश्वर म्हणाला. जरा जास्तच लगबगीनं म्हणाला.

मुंजाजीचा हात शिवशिवत होता. पण त्यानं तो कसाबसा खिशात घातला. मागची खोली स्वयंपाकघरातून जाऊनच लागते, आणि स्वयंपाकघरात सगळा दिवस मन्मथप्पांची बायको नीलाबाई. तिला चुकवून आत जाणारं माणूस त्या घरात तरी नव्हतं.

४

नीलाबाई ज्वारी निवडत बसली होती. मुंजाजी उंबऱ्याबाहेर टेकला.

"काकू, नाथा कवा मागच्या खोलीत आलता?"

"पोरगं पान्याचा तांब्याबी भाईरनंच मागतं," ती म्हणाली. "म्या राजूला सांगितलं, आधी इचार, मंग हात उचल. माजं कोन ऐकतंय ह्या घरात?"

"बुधवारनं आत कोन-कोन गेलं?"

"मी. अन् काल सकाळी राजू गेलता, अंघोळीनंतर. काय शोधतोस म्हनलं, तर खेकसला." तिनं हात थांबवला. आपण काय बोलून गेलो हे तिच्या ध्यानात आलं आणि तिनं सूप मांडीवरून खाली ठेवलं. "भाऊ, माज्या तोंडचं ह्ये त्याच्या अंगावर नका घालू. आई हाय मी."

आईच्या तोंडून मुलाला चोर ठरवायचं त्याच्याही जिवावर आलं. "न्हाई घालत. तुमचं नाव न घेता होतंय का बघतो. निसतं येवढं सांगा, गाडीला सकाळी पयला हात कोन लावतं?"

"ह्येच की!" नवऱ्याचा विषय निघाला तसा तिचा आवाज चढला. "पहाटं सहाला गाडीत जाऊन बसतेत. चालू करतेत, म्होरं उदबत्ती लावतेत. थंडी म्हनून काचा बंद. दहा-पंधरा मिंट जप करत बसतेत, इंजिन तापू द्यावं लागतं म्हनून. जीप हुती तवाबी असंच. माजी पूजा त्या घर्र आवाजानं मोडती, त्येचं काय न्हाई!"

"रोज?"

"रोज. कालबी बसले हुते. किल्ली मंग राजूच्या हातात देतेत."

मुंजाजी उठला. आता त्याला दोन्ही चोऱ्या दिसत होत्या. एक न झालेली, आणि एक झालेली.

५

दुपारी चारला त्यानं मन्मथप्पांना गाडीत बसवलं. नाथाला चालवायला सांगितलं. राजेश्वर मागं बसला, मुंजाजी त्याच्या शेजारी. निळा कॅन त्यानं स्वतः डिकीत ठेवला. "पुरावा हाय. जिथं सापडला तिथंच ऱ्हाऊ द्या. अन् काचा लावून घ्या, धूळ येती."

मधल्या कप्प्यातून त्यानं गाडीचं पुस्तक काढलं. प्लॅस्टिकचं वेष्टनसुद्धा कुणी फोडलं नव्हतं! मुंजाजीनं ते दातानं फाडलं. पडद्यावर ह्या फेरीचा आकडा शून्यावर आणायला नाथाला सांगितलं.

गाडी सकाळपासून उभी होती. बटण दाबलं तसं इंजिन घुरघुरायला लागलं. गाडी जागची हललीही नव्हती. पेठेत दुकानापाशी पोचले तेव्हा पडद्यावर सात होता.

"ह्येच! ह्येच तर रोज दाखवतं," राजेश्वर म्हणाला.

"थांबू नगंस, नाथा. गेवराईच्या रोडला घे."

चार किलोमीटरवर आकडा अकरा झाला. मग पंधरा. एका वळणावर गाडी हळू झाली तसं इंजिन आपोआप बंद पडलं आणि गाडी नुसत्या बॅटरीवर, आवाज न करता पुढं गेली. अठरा. वीस. मन्मथप्पा चष्मा वर करून बघायला लागले.

"आता कावून वाढतंय, अप्पा? नाथा तुमच्याम्होरं बसून चोरी माघारी करतोय का?" मुंजाजीचा आवाज चढला. "इंजिन गार असतंय तवा त्याला पेट्रोल जास्तीचं लागतं. आतलं ऑइल घट्ट असतं, पेट्रोल धड जळत न्हाई, म्हनून गाडी जादा फवारती. धूर साफ करनारं यंत्र सायलेन्सरात असतं, ते तापल्याबिगर काम करत न्हाई. म्हनून गाडी सुरवातीला इंजिन बंदच पडू देत न्हाई, गरज असू नसू. बॅटरीवर चालून वाचायचं पेट्रोल वाचतं ते नंतर, सगळं तापल्यावर. ह्यात लिवलंय, पान उघडून वाचा! अन् तुमची गाडी कवा तापती? घर ते दुकान एक किलोमीटर. तापायला लागली की बंद. दुपारी जेवायला पुन्ना गार, पुन्ना चालू. दिवसातनं चार येळा!"

"पर मी तर रोज सकाळी दहा मिंट तापवतो की!" मन्मथप्पा म्हणाले. "जीपला तसंच लागायचं."

"तेच तर! सहाला तापवता, अन् गाडी निघती नवाला. तवर पुन्ना गार. एक किलोमीटर न जाता दहा मिंटाचं पेट्रोल जाळलं."

"गाडी जागची हलली न्हाई, तर पेट्रोल कुठं जाईल?"

नाथाच हळूच म्हणाला, "अप्पा, चूल पेटली की लाकूड जळतंच. वर भाकर असू नसू."

गाडीत एक उग्र वास भरत चालला होता. मन्मथप्पा दोनदा शिंकले. परतताना त्यांनी नाकाला उपरणं लावलं आणि शेवटी ओरडले, "नाथा, काच उघड बाबा! डोकं धरलं माजं. ह्या पेट्रोलच्या वासात बसवंना!"

मुंजाजी मागच्या सीटवर शांत बसला होता. तो शांत बसला की घरची माणसं घाबरत. राजेश्वर त्याच्याकडं बघून खिडकीबाहेर बघायला लागला.

६

पावणेपाचला गाडी दुकानापुढं थांबली. आकडा होता बावीस. शनिवारची पेठ भरलेली, कालचेच बरेचजण पुन्हा जमले. काउंटरवर तो कागद आणि त्यावर पेन तयार होतं.

"आधी पेट्रोल," मुंजाजी मोठ्यानं म्हणाला. "गाडीचा पडदा आठ दाखवतो. त्यो कसं मोजतो? इंजिनानं जाळलं तेवढंच. टाकीतनं कुनी वढून नेलं, तर ते इंजिनात गेलंच न्हाई, पडद्याला कसं कळंल? चोरी झाली असती, तर टाकी रिकामी अन् आकडा सत्तावीसच राहिला असता. आकडा आठ आला, म्हंजे थेंब न् थेंब ह्याच गाडीनं जाळला. चोरी झालीच न्हाई! गार इंजिनानं पेट्रोल खाल्लं."

लोकांत कुजबुज झाली. राजेश्वर म्हणाला, "असंल. मंग कॅन? त्यो त्यानं गुरुवारी रात्री गाडी लावताना ठिवला. शुक्रवारी त्यो गेवराईला गेलता, गाडीला त्याचा हात न्हाई. सगळ्यांना ठावं हाय."

"तुमीच बोललात, बरं झालं." मुंजाजी मन्मथप्पांकडं वळला. "अप्पा, काल शुक्रवारी सहाला गाडीत बसलावता?"

"बसलो की."

"काचा?"

"बंद."

"उदबत्ती?"

"लावलीती. रोज..." मन्मथप्पा थांबले. त्यांचा हात आपसूक नाकाकडं गेला. आत्ताच अर्ध्या तासात ज्या वासानं डोकं धरलं, तो काल पंधरा मिनिटं बंद गाडीत बसून आला नव्हता. आणि आला असता, तर त्यांनी काडी ओढली असती का? "कॅन नव्हता," ते हळूहळू म्हणाले. "सहाला गाडीत कॅन नव्हता."

"म्हंजे त्यो सहानंतर ठिवला. नाथा दुपारपतूर गेवराईत. संगमेश बीडला. किल्ली तुमी कुनाच्या हातात दिली, अप्पा?"

मन्मथप्पांची नजर थोरल्या मुलाकडं वळली. सगळी पेठ राजेश्वरकडं बघत होती. दुकानात भिंतीला त्याच हिरव्या पाइपाची गुंडाळी टांगलेली होती, तिचं टोक ताजं कापलेलं.

"मला खरंच वाटलं त्यो चोरतोय!" राजेश्वर एकदम फुटला. "निसता पुरावा घावत नव्हता. अन् तुमी, अप्पा, रोज, गिऱ्हाइकाम्होरं, सत्तावीस कुठं गेलं, सत्तावीस कुठं गेलं! मी आनलेली गाडी खोटी म्हनून हसायचे सगळे. मला जगू देत नव्हता तुमी!"

"म्हनून?" मुंजाजी त्याच्या अंगावर गेला. "बापानं टोमना मारला म्हनून तू दुसऱ्याच्या लेकराच्या भाकरीवर पाय दिलास? गाडीचं पुस्तक उघडायला तुला दोन महिने जमलं न्हाई, अन् चोर करायला एक सकाळ पुरली? अन् अप्पा, तुमी! घरच्या पोराला चारचौघांत हासलात, गड्याला मारलं तवा भस्म लावून वसरीवर बसलाव! तुमाला एकदाबी इचारावं वाटलं न्हाई?"

मन्मथप्पांनी तो कागद उचलला आणि फाडला. "झालं ते झालं, मुंजाजी. घरात चल, घरातलं घरात मिटवू."

"काल घरात मारलं का ह्यानं?"

राजेश्वर पायरी उतरला. नाथासमोर उभा राहून पुटपुटला, "चुकलं माजं."

"ऐकू आलं न्हाई," गर्दीतून मोहिनी म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली ते कुणाला कळलं नव्हतं.

राजेश्वरनं ओठ चावला आणि मग पेठेभर जाईल अशा आवाजात सांगितलं. नाथानं चोरी केली नाही, कॅन मी ठेवला, खोटा आळ मी घेतला. सांगताना त्याचा आवाज दोनदा फाटला. नाथा तोंडावरची माशीही न हलवता ऐकत होता.

मन्मथप्पांनी गाडीची किल्ली पुढं केली. "नाथा, सोमवारी बीडला ह्याच गाडीनं जा. मी सवता तुज्यासंगं येतो, सायबाला सांगतो की पोरगं सोन्यावानी हाय म्हनून."

नाथानं किल्ली बघितली. हात पुढं केला नाही.

"नगं अप्पा," तो म्हणाला. "मी चांगला हाय, ह्ये सांगायला आता मला तुमी लागत न्हाईत. मी एष्टीनं जातो."

मग तो मुंजाजीला 'चला तात्या' म्हणाला आणि बायकोबरोबर घराकडं चालायला लागला.